कमी आलेला आकडा

रुग्णालयाच्या नीतिसमितीत नियमानुसार एक सामान्य माणूस लागतो. तो डॉक्टर नको, वकील नको, कशातलाच तज्ज्ञ नको. कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर पनवेलच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाने त्या जागेवर माझी नेमणूक केली. पत्र वाचून बायको म्हणाली, "चला, शेवटी कोणीतरी लेखी दिलं."

समितीचं काम म्हणजे रुग्णांवर जे संशोधन व्हायचं असेल त्याला परवानगी द्यायची किंवा नाकारायची. नाकारल्याचं मला आठवत नाही. काजू संपेपर्यंत शंका विचारायच्या आणि चहा आला की सह्या करायच्या, अशी साधारण पद्धत होती. मी मात्र कागद वाचून जायचो. वाचण्याची जन्मभराची खोड, दुसरं काही नाही.

मागच्या वर्षी किडनीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचा प्रस्ताव आला. मोठ्या ऑपरेशननंतर काही रुग्णांच्या किडन्या अचानक काम टाकतात. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ते कळतं, पण दोन-एक दिवस उशिरा. त्याआधीच दुखावलेल्या किडनीतून काही प्रथिनं लघवीत उतरतात. ती मोजली तर धोका आधी ओळखता येईल का, हे त्यांना तपासायचं होतं. "क्रिएटिनिन म्हणजे राख, सर," त्या मला समजावताना म्हणाल्या, "आणि हे म्हणजे धूर." मी म्हणालो की धूर चुलीतूनही येतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, म्हणूनच तर अभ्यास करायचा आहे.

त्यातली एक अट समितीतल्या वकीलसाहेबांना पटेना. लघवीतला हा आकडा अभ्यास संपेपर्यंत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगायचा नव्हता, रुग्णालाही नाही. तो फक्त बाईंच्या संगणकात राहणार होता. धोका दिसत असताना गप्प बसायचं ही माणुसकी आहे का, असं वकीलसाहेबांनी विचारलं. त्यांना उत्तर मी दिलं. डॉक्टरीणबाईंनी नाही, मी. म्हणालो, कोणता आकडा धोक्याचा आणि कोणता बिनधोक हे अजून कोणालाच माहीत नाही. अशा आकड्यावर विसंबून औषधं बदलली तर रुग्णाचंही नुकसान आणि अभ्यासाचंही. मुद्दा बरोबर होता, अजूनही बरोबर आहे. अध्यक्षांनी मान डोलावली. सामान्य माणसाला समजलंय म्हटल्यावर मग अडचण उरली नाही.

यंत्र आलं तेव्हा उद्घाटन झालं. ते मिक्सरपेक्षा जेमतेम मोठं होतं, पण त्याच्यापुढे फीत होती, समई होती आणि व्यासपीठावर इतके मान्यवर होते की यंत्राला खाली टेबलावर बसावं लागलं. स्थानिक नेत्याने भाषणात किडनी आणि यकृत यांची थोडी अदलाबदल केली. मलाही शाल मिळाली. ही गंमत मी नंतर बऱ्याच जणांना सांगितली. दादांना तर दोनदा.

दादा म्हणजे आमच्या इमारतीची मूळ जमीन ज्यांची, ते. उरणच्या बाजूचं मिठागरातलं घराणं. मिठागरं गेली, जमिनीवर इमारती उठल्या, आणि दादांच्या वाट्याला त्यातल्या एका इमारतीत आमच्या समोरचा फ्लॅट आला. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. ग्रंथपाल हा मास्तर नसतो हे मी पहिली काही वर्षं सांगून पाहिलं.

पावसाळा संपता संपता दादा मासळी बाजारात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन त्याच रुग्णालयात झालं. मधुमेह, रक्तदाब, वय, सगळंच अभ्यासाच्या निकषात बसत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा दादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्ये हाय ना त्यात? मग घ्या."

ऑपरेशन चांगलं झालं. दुखणं मात्र थांबेना. वॉर्डातल्या डॉक्टरांनी वेदना थांबवणारं जोरदार इंजेक्शन बंद ठेवलं होतं. मधुमेही माणूस, किडनीला झेपायचं नाही, म्हणून साध्या गोळ्यांवर भागवा असं त्यांचं मत. दादा ओरडणाऱ्यातले नव्हेत. ते टॉवेलचा बोळा दातांत धरून भिंतीकडे बघत पडले होते. वहिनी पलंगापाशी उभ्या होत्या. मला बाहेर नेऊन त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी कमिटीत हाय ना? कोनाला तरी सांगा ना. मना बघवत नाय."

मी कॅन्टीनमध्ये डॉक्टरीणबाईंना गाठलं. थेट विचारलं नाही. मी फार सभ्य शब्दांत आडवळणाने बोललो. म्हणालो, नियम मला ठाऊक आहे, तुम्हाला अडचणीत आणायचं नाही, फक्त माणूस जवळचा आहे. ज्या सुराची मी आयुष्यभर टिंगल केली तोच सूर माझ्या तोंडून निघत होता आणि तो मला छान जमत होता. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. समितीच्या सदस्याला नाही म्हणणं त्यांना जड गेलं असणार. आणि मला वाटतं, आपल्या यंत्रावर त्यांचा जीवही होता.

"कमी आहे, सर," त्या म्हणाल्या. "खूपच कमी. मला तरी काळजीचं काही दिसत नाही."

पुढचं सहज झालं. त्या वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोलल्या, डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं आणि दादा झोपले. वहिनींनी मला घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाऊ घातलं. इतक्या समाधानाने मी पुष्कळ दिवसांत जेवलो नव्हतो. पनवेलमध्ये आपल्या शब्दाला किंमत आहे, ही भावना पोटाला चांगली लागते.

इंजेक्शन दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी दादांचा चेहरा सुजलेला दिसला. लघवी जवळजवळ थांबली होती. क्रिएटिनिन चढलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी आणखी चढलं. मग मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं.

इंजेक्शनमुळेच हे झालं का, ते नक्की सांगता येत नाही. ऑपरेशन, साखर, वय, कशानेही झालं असतं. हे मला तिघा डॉक्टरांनी स्वतंत्रपणे सांगितलं आणि प्रत्येक वेळी मी ते लक्ष देऊन ऐकलं. नक्की सांगता येत नाही, या वाक्याच्या सावलीत बरीच माणसं मावतात. मी काही महिने तिथेच बसून होतो.

डॉक्टरीणबाई भेटल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. दादांचं प्रकरण अभ्यासातून काढून टाकावं लागेल, असं त्या म्हणाल्या. ज्याचा आकडा उघड झाला आणि त्यावरून उपचार बदलले, तो रुग्ण नियमाप्रमाणे मोजता येत नाही. मी लगेच हो म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहिलं पाहिजे. प्रकरण काढलं म्हणजे कॅन्टीनमधला तो चहाही काढला, असं मला त्या क्षणी वाटलं होतं.

डायलिसिसला मी दादांबरोबर रिक्षाने जात असे. मुलं कामावर असत, आणि मला तर वेळच वेळ. वहिनी सगळ्यांना सांगत, सख्खा भाऊ करणार नाही एवढं भाऊजी करतात. मी मान खाली घालायचो, ती त्यांना नम्रता वाटायची. दादांना मीठ जवळजवळ बंद झालं होतं. आजोबा-पणजोबांनी मिठाच्या राशी घातल्या आणि मला चिमटीसाठी बायकोची परवानगी, असं ते नर्सना सांगून हसवायचे. पण त्यांचे पाय बारीक होत चालले होते, आणि जिना चढताना ते मध्येच थांबून काहीतरी आठवल्यासारखं करत, म्हणजे थांबल्याचं कळू नये.

एकदा डायलिसिस चालू असताना मी त्यांना सगळं सांगितलं. कॅन्टीन, कमी आलेला आकडा, इंजेक्शन आणि शेवटी अभ्यासातून त्यांना वगळलं तेही. ते नळीतून फिरणारं स्वतःचं रक्त बघत ऐकत होते. रागावले नाहीत. दुखत त्यांनाच होतं, मी इंजेक्शन मिळवून दिलं नसतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं, असं म्हणाले. मी हलका होऊ लागलो होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"पन मना काढला कशाला?"

मी नियम सांगितला.

"म्हंजे यंत्र चुकला तेवढा सोडून बाकीचा लिवनार?"

मी म्हणालो, तसं सरळ म्हणता येणार नाही. मग माझ्याच लक्षात आलं की तसंच म्हणता येतं. अभ्यासाच्या अहवालात यंत्राने बरोबर ओळखलेले रुग्ण असणार. ज्याचा आकडा कमी आला आणि तरी किडनी गेली, तो माणूस त्यात नसणार. उद्या दुसऱ्या कुठल्या वॉर्डात कोणीतरी तो अहवाल वाचून, कमी आकडा बघून, असंच इंजेक्शन सुरू करील. समितीत वकीलसाहेबांना मी हेच समजावलं होतं, आणि तेव्हा मला ते फार चांगलं समजलं होतं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं की येत्या बैठकीत मी बोलणार आहे. मग त्या म्हणाल्या, "बोला, सर. मी नाही म्हणणार नाही. मीच बोलायला हवं होतं."

बैठकीत अभ्यासाचा आतापर्यंतचा अहवाल मांडला गेला. निष्कर्ष आशादायक होते. अध्यक्षांनी काही शंका, असं विचारून स्वतःच पान उलटलं. मी म्हणालो, यात एक रुग्ण नाही. मग सगळं सांगितलं, स्वतःचा भाग आधी. काजूची बशी कोणाच्या तरी हातात तशीच राहिली. वकीलसाहेब माझ्याकडे बघत होते, पण काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दादांचं प्रकरण अहवालात स्वतंत्र, पूर्ण हकिकतीसह घालायचं ठरलं. अभ्यास थांबवून चौकशी लावली. डॉक्टरीणबाईंना चौकशी संपेपर्यंत संशोधनाचं काम बंद. मी राजीनामा दिला आणि तो आभारांसह मंजूर झाला. आता दुसरा सामान्य माणूस शोधताहेत.

दादांचं डायलिसिस नंतर थांबलं. किडनी थोडी सावरली, पूर्ण नाही. पुन्हा कधी लागेल ते सांगता येत नाही म्हणतात. चौकशीचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते गॅलरीत बसून अळणी पेज पीत होते.

"पोरीचा वाईट झाला," ते म्हणाले. मग वाटी खाली ठेवून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केल्यासारखं केलं. "माझी किडनी गेली. तिचा काम गेला. मास्तर, तुमचा काय गेला?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विचार केला आणि जे होतं तेच सांगितलं.

"समितीतली खुर्ची."

दादा इतके हसले, इतके हसले की वहिनी आतून धावत आल्या आणि काय झालं म्हणून मला विचारू लागल्या.