आमच्या घराचं दुसरं मत

वेगळ्या विदर्भासाठी गावाकडे काही लोकांनी चौकाचौकात पेट्या ठेवून जनमत घेतल्याची बातमी आली, त्या रविवारी आम्ही इथे सिंगापुरात, आमच्या पुंगोल भागातच एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. मराठी घरं सात-आठ. मी मुलाकडे येऊन राहिलेली, चौथी शिकलेली बाई. चारचौघांत तोंड उघडायची मला सवय नाही.

जेवणं झाल्यावर पुरुषांनी वाद घातला आणि मग आपणही जनमत घ्यायचं ठरवलं. वेगळं राज्य हवं असेल तर वाटीत शेंगदाणा टाकायचा, नको असेल तर फुटाणा. घरटी एक मत.

मुलाने फुटाणा टाकला. आमच्या घराचं मत झालं. मी यवतमाळकडची. वडिलांना जमिनीच्या एका कामासाठी मुंबईला खेटे घालताना मी पाहिलं आहे. मी उठले आणि शेंगदाणा टाकला.

यजमान म्हणाले, "काकू, तुमच्या घराचं झालं की!"

"ते त्याचं झालं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

बोटीवर इंजिनियर असलेले नागपूरचे एक पाहुणे ओरडले, "अरे बापा, काकू तं आपल्या निघाल्या!"

मुलगा म्हणाला, "आई, अगं एका घरात दोन मतं कशी?"

तेवढ्यात पुण्याची माझी सून स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "दोन नाही, तीन. मलाही कुणी विचारलं नाही." तिने फुटाणा टाकला आणि माझ्याकडे बघून हसली. "आई, मी तुमच्या विरुद्ध हं!"

मग आतल्या सगळ्या बायका बाहेर आल्या. वाटी रिकामी करून माणशी एक मत, असं पुन्हा सुरू झालं. नात इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आजी स्टार्टेड इट, लाह!"

आमची बाजू सपशेल हरली. मला मात्र परतताना फार हलकं वाटत होतं.

घरी चहा पिताना मुलाने विचारलं, "बाबांचंही तुझ्यासारखंच मत होतं?"

"छे. ते तुझ्यासारखे, अखंड महाराष्ट्रवाले."

"मग मतदानाला तर दोघं बरोबर जायचात!"

"जायचो बरोबर," मी म्हणाले. "आत गेल्यावर ज्याचं त्याचं."

सून इतकी हसली की तिला ठसका लागला.