म्हशीचा ताप

"तुम्ही तिकडं उकिरड्यापाशी बसा. तुमचं रक्त तिथंच घेतील."

पाटलीणबाई ओट्यावरून बोलल्या. आमच्याकडं न बघता. मी तेव्हा बारावीला होते. आजारी आईला धरून आमच्या दुबलगुंडी गावातल्या त्यांच्या दारात उभी होते.

पाटलांच्या थोरल्या मुलाला जनावरांपासून होणारा ताप निघाला होता. म्हणून दवाखान्याची माणसं घरच्यांचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं रक्त तपासायला आली होती. पाटलांच्या घरच्यांना ओट्यावर खुर्च्या, पंखा, चहा. आमच्या गल्लीला उकिरडा. वर पाटलीणबाई नर्सला म्हणाल्या, "ह्यांच्याच गल्लीतून आलंय बघा हे दुखणं. स्वच्छता म्हनून न्हाई."

वा रे स्वच्छता! ह्यांच्या म्हशीनं गाभ टाकला की हाक कुणाला? आईला. मेलेलं रेडकू ओढायचं, आत अडकलेला जार, म्हणजे वार, काढायचा, नेऊन पुरायचं. सगळं उघड्या हातानं. मोबदला म्हणून तांब्याभर दूध, तेही उंचावरून ओतलेलं. आता तीच आई रोज तिन्हीसांजेला तापानं फणफणायची, कंबर धरून भिंतीला टेकायची. रक्त तपासल्याशिवाय औषध मिळणार नव्हतं.

आई मुकाट उकिरड्याकडं वळली. मला तिचाही राग आला. मी तिचा हात सोडला नाही. पायऱ्या चढले आणि तिला रिकाम्या खुर्चीत बसवलं.

"ए पोरी, कामून वर चढायलीस?" पाटील ओरडले.

"गोठ्यात नेताना न्हाई इचारलात, अप्पा. आईनं ह्याच हातानं रेडकू काढलंय. रक्त बी हितंच देईल."

नर्सनं आईच्या दंडाला पट्टा बांधला. पाटलीणबाईंनी घाईघाईनं कप आत नेले. आमचा विटाळ ह्यांच्या कपाला लागतो, जाराला लागत नाही. थू!

आईला तोच ताप निघाला. औषध सुरू झालं. नर्सनं पाटलांच्या दारातच सांगितलं, रोग म्हशींचा आहे, टाकलेल्या गाभातून आणि कच्च्या दुधातून येतो. पाटलीणबाईंना पटलं नाही. त्यांची म्हैस पवित्र, आम्ही घाण.

आईचं औषध चालू असतानाच त्यांचा गडी दारात आला. "म्हशीनं टाकलंय. अक्काला लावून द्या म्हनलेत."

आई चप्पल शोधू लागली. मी उंबऱ्यात आडवी बसले.

"जा, सांग त्यान्ला. हात त्यान्लाबी हाइत."

रेडकू दिवसभर गोठ्यात पडून राहिलं. शेवटी पाटलांनीच ओढलं, नाकाला उपरणं बांधून. सगळं गाव बघत होतं.

आईची कंबर अजून दुखते. मला आता मुलगी आहे. आमच्या घरातला हात त्या गोठ्यात जाणार नाही. त्यांची घाण त्यांनीच काढायची.