दादाच्या स्पीकरने धरलेला फोन

माझ्या मोठ्या वहिनीच्या अंबाड्यात कायम एक चिमटा खोचलेला असतो. केसांचा नव्हे, मोबाइलचे बारीक स्क्रू उचलायचा. दादाच्या दुकानात त्याच्याशेजारी बसून ती फोन दुरुस्त करायला शिकली आणि पुढे त्याच्याहून हलक्या हाताने आतल्या बारीक तारांना डाख द्यायला लागली. दादा गेला आणि धाकट्या भावाने दुकानाचं कुलूप बदललं. म्हणे, हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी दादा त्याचा हात धरून बोलला, दुकान तुझं. वर गिऱ्हाइकांना सांगत सुटला की वहिनीच्या हातून फोन बिघडतात.

दोघेही माझे सख्खे भाऊ. पण तेव्हापासून मी देवापुढे बसले की ओठांवर जप आणि मनात धाकट्याचं वाटोळं.

आज मामा निवाडा करायला आमच्याकडे आला. त्याचा शब्द घरात कोणी मोडत नाही. वहिनी आधीच येऊन बसली होती. देवाच्या फळीवर दादाचा जुना ब्लूटूथ स्पीकर असतो, माझ्या फोनवरून मी त्यावर भजनं लावते. तिने माझ्या फोनचं ब्लूटूथच बंद करून टाकलं. का, ते सांगितलं नाही.

धाकट्याने डोळे पुसत हॉस्पिटलची कथा ऐकवली. मामा विरघळला. जाणाऱ्याचा शब्द राखायला हवा, असं पुटपुटायला लागला. मग घरी कळवून येतो म्हणून धाकटा गॅलरीत गेला, तशी ती उठली आणि तिने स्पीकर चालू केला. टुण्ण वाजलं. पाठोपाठ धाकट्या भावजयीचा आवाज खोलीभर.

"झालं का हो? मामांना पटलं ना? मोठे भाऊजी शुद्धीवरच नव्हते, हे कुणी काढलं नाही ना?"

गॅलरीत धाकटा फोन कानात खुपसून हॅलो हॅलो करत होता, आवाज येत नाही म्हणत होता. येणार कुठून? तो आमच्याकडे आला होता.

हा स्पीकर दुकानात असताना धाकट्याने आपला फोन त्याला जोडला होता. एकदा जोडलेला फोन जवळ असला की स्पीकर त्याला आपणहून धरतो, आणि माझं ब्लूटूथ तर वहिनीने बंदच केलं होतं. फोन विकायला येणाऱ्या प्रत्येकाला हा बजावतो, जुन्या जोडण्या काढून टाका. स्वतःची राहिली.

मामाने त्याला दुकानाची किल्ली टेबलावर ठेवायला लावली. शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. ऐकायला मात्र गोड लागल्या.

तेव्हा कुठे वहिनीने तोंड उघडलं. "मामा, याला दुकानातून काढू नका. बाहेरच्या टेबलावर बसवा, कव्हरं विकायला. आणि दुरुस्तीचं काम आलं की याने गिऱ्हाइकासमोर आत हाक मारायची, वहिनी, तुमच्याकडे आलेत."

मामा म्हणाला, मंजूर.

जाताना धाकटा चपला शोधत माझ्याजवळ रेंगाळला. "ताई, त्या स्पीकरमधून माझा फोन तेवढा काढून टाक."

कसा काढायचा ते वहिनीने मला दाखवून ठेवलंय. संध्याकाळी दिवा लावला, भजन लावलं, स्पीकर पुसून जागेवर ठेवला. फोन काढलेला नाही.