भरताचा तह

माझ्या साडूइतका शिकलेला जीपवाला साऱ्या पृथ्वीवर नसेल, आणि असलाच तर त्याच्या जीपमध्ये बसणाऱ्यांची मला आधीच कीव येते. मुक्काम गोरेगाव, धंदा गोरेगाव ते सेनगाव जीप चालवण्याचा, आणि व्यसन घरबसल्या एम.ए. करण्याचे. अर्थशास्त्राच्या वर्षी भर उन्हात जीप उभी करून तो प्रवाशांना मागणी-पुरवठा समजावू लागला. "काहून थांबलास रे?" असे एका म्हातारीने विचारले, तर म्हणाला, "मावशी, तुमीच तर मागणी. अजून दोन मागण्या येऊ द्या, मग निघतो." शिक्षणशास्त्रात त्याला कळले, की उत्तर सांगायचे नसते, समोरच्याकडून काढून घ्यायचे असते. "सेनगाव कधी येईल?" या प्रश्नावर तो प्रेमाने विचारी, "तुमाला काय वाटतं, कधी यावं?" नेतृत्वाच्या एम.ए.ने तर कहर केला. खरा नेता स्वतः मागे राहून इतरांना पुढे करतो, असे वाचून हा पठ्ठ्या एका सकाळी मागच्या बाकावर जाऊन बसला. अर्धा तास कुणी हलेना. शेवटी गुडघा दाखवायला निघालेले एक म्हातारे ट्रॅक्टरवाले शिव्या देत पुढे जाऊन बसले. त्यांनी जीप हाकली आणि याने मागून सेनगावपर्यंत टाळ्या वाजवल्या.

मग आले चौथे एम.ए., राजनयाचे, म्हणजे देशादेशांची भांडणे गोड बोलून मिटवण्याचे शास्त्र. त्यात एक खरेखुरे भांडण मिटवून त्याचा प्रकल्प लिहायचा होता, आणि भांडण घरातच तयार होते. त्याची बायको माझ्या बायकोची धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी एका बारशात तिने केलेल्या वांग्याच्या भरताला माझी बायको चारचौघींत म्हणाली, "मीठ जरा जास्तच पडलं बाई." तेव्हापासून गोरेगाव आणि आमचे वसमत यांच्यात बोलणे बंद. सणावाराला दोघी एकमेकींच्या आठवणीने कासावीस होत आणि त्याचा राग आम्हा साडवांवर काढीत.

वाटाघाटींसाठी त्रयस्थ भूमी म्हणून साडूने आखाडा बाळापूर निवडले, आणि मीही मुकाट्याने बायकोला घेऊन गेलो. बाजाराचा दिवस, हॉटेलात गर्दी. टेबल गोलच हवे, म्हणून त्याने हॉटेलवाल्याचे डोके खाल्ले. शेवटी त्या बिचाऱ्याने पाण्याच्या टाकीचे झाकण आणून स्टुलावर ठेवले. साडू उभा राहिला, घसा साफ केला आणि तहाचा मसुदा वाचू लागला. "कलम एक. सदर भरतात मीठ जास्त होते किंवा कसे, याबाबत उभय पक्ष..."

"ताई," मेहुणी एकदम माझ्या बायकोकडे वळली. चार वर्षांतला पहिला शब्द! "हे घरी बी असंच करून राहिलेत. भाजी वाढ म्हणायचं सोडून म्हणतेत, प्रस्ताव मांड."

"अगं माय! म्हणूनच तू अशी वाळलीस व्हय? ऊठ, बांगड्या घेऊ. बसू दे या दोघांला."

दोघी गेल्या. झाकणाभोवती आम्ही दोघे उरलो. साडू माणूस मोठा प्रामाणिक, त्याने प्रकल्पात लिहिले, "वाटाघाटी फिसकटल्या. उभय पक्ष चर्चा सोडून निघून गेले."

परीक्षकाने कागद परत धाडले. तहावर उभय पक्षांच्या सह्या आणा, नाहीतर नापास. साडू बायकोला घेऊन थेट आमच्या घरी आला. खिशात मसुदा, हातात पेन. दोघी बहिणी स्वयंपाकघरात कशावरून तरी इतक्या हसत होत्या, की एकीला ठसका लागला. तो दारापर्यंत गेला, थांबला आणि परत आला.

"काय रे, घे की सह्या," मी म्हणालो.

"सही म्हणलं की त्या वाचणार, भाऊ. वाचलं की मीठ निघणार." त्याने मसुद्याची घडी घातली. "राहू द्या."

परवा त्याच्या जीपमधून आम्ही सगळे सेनगावला निघालो होतो. एका नव्या प्रवाशाने कौतुकाने विचारले, "दादा, किती एम.ए. झाले म्हणं तुमचे?"

"तीन," तो म्हणाला. आवाज जरा खाली गेला. एरवी या प्रश्नावर व्याख्यान ठरलेले, आज त्याने नुसता गिअर बदलला. मागे दोघी बहिणी सेनगाव येईपर्यंत एकसारख्या बोलत होत्या.