चार खुंट्या

आमच्या जळगावच्या सराफी दुकानात तिजोरी दुरुस्त करणारे एक आबा येतात. काम संपलं की आम्ही एक खेळ खेळतो. मी पडद्याआड चार रंगीत खुंट्या लावायच्या आणि त्यांनी क्रम ओळखायचा. ते चष्मा कपाळावर चढवून खुंट्यांऐवजी मलाच न्याहाळतात.

"सोपं शे, शेठ. सोन्याचा पिवळा पहिला. काळा तुम्ही अशुभ म्हणून घेतच नाही."

त्यांच्या तिसऱ्याच प्रयत्नात मी हरतो.

परवा जिंकल्यावर ते हळूच म्हणाले, "तिजोरीचा नंबर बदलून टाका."

मी मोठ्या हुशारीने बदलला आणि आज त्यांना तसं ऐकवलं.

"शेवटचा आकडा शकुनाचा एक ठेवला ना? तिजोरी काय आहेराचं पाकीट शे का?"

मी "छे!" म्हणालो आणि ते पायरी उतरताच पुन्हा तिजोरीकडे धावलो.