अर्ध्या गच्चीचा चुना

आमच्या गल्लीत कुणाला खोली भाड्याने द्यायची असली की तो आधी मला विचारायला येतो. मीही हौसेने सांगते. मोरीची जाळी दर महिन्याला काढून धुवा. नळ ठिबकायला लागला की लगेच वॉशर बदला, भिंत ओली झाल्यावर रडू नका. आणि होळी झाली की गच्ची झाडून तिला चुन्याचे दोन हात द्या. भिजवलेल्या चुन्यात थोडं पांढरं सिमेंट घाला, म्हणजे हात लावला तरी निघत नाही. जळगावच्या उन्हात खालची खोली एवढ्यानेही बरीच निवते.

गेल्या उन्हाळ्यात हा चुना मी स्वतः उभी राहून मारून घेतला. आमच्या खोल्यांवर. मागच्या दोन खोल्या भाड्याच्या, त्यांच्यावर नाही. अकरा महिन्यांचा करार, आज आहेत उद्या नाहीत, त्यांच्या डोक्यावर कशाला चुना घालवायचा, असा माझा व्यवहार. गच्चीच्या मधोमध पांढऱ्याची कड अगदी सरळ आली होती. मला तर तिचं कौतुकच वाटलं.

भाडेकरीण चोपड्याकडची, लहान वयाची, कडेवर तान्हं बाळ. बाळाची पाठ घामोळ्यांनी लाल झालेली. "काकू, पंखा नुसता गरम वारा टाकतो," ती एकदा म्हणाली होती. मी म्हटलं, "जळगाव आहे बाई हे. सवय करा." ती बरं म्हणून आत गेली.

मग बिबड्यांचा दिवस आला. आमच्याकडे ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, एकटीने होत नाहीत, गल्लीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींच्या गच्चीवर जमतात. सकाळी शिजवलेल्या पिठाचं पातेलं वर नेलं, ओल्या धोतरावर हात चालू लागले. भाडेकरीणही बाळाला झोपवून मदतीला आली. ऊन चढलं तशा सगळ्याजणी अनवाणी पांढऱ्या भागावर सरकल्या. धुळ्याकडच्या अक्का, आमच्या गल्लीतल्या सगळ्यात वडील, एक धोतर वाळत घालायला पलीकडे गेल्या आणि पाय उचलत परत आल्या.

"हाई काय शे वं?" त्या मला म्हणाल्या. "चुना सरी गया का?"

सगळ्यांचे हात थांबले. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो ना अक्का, संपला."

चुन्याचं अर्धं पोतं खाली जिन्याजवळ होतं. भाडेकरणीच्या दाराला अगदी लागून. आत-बाहेर करताना ती रोज त्याला वळसा घालायची. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घालून हातातला बिबडा थापला आणि म्हणाली, "हो अक्का, संपला. मिळतच नव्हता म्हणे बाजारात."

तिने मला वाचवलं. त्यापेक्षा चारचौघींत तोंडावर बोलली असती तर बरं झालं असतं. तोंड लपवायला गच्चीवर जागा नव्हती, म्हणून मी पाणी आणायचं निमित्त करून खाली आले आणि त्या पोत्यापाशी उभी राहिले. आतून बाळाची किरकिर येत होती. दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसला. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पदर खोचून मी स्वतः ब्रश घेतला. पुरता अर्धा भागही झाला नव्हता, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. कठड्यावरून वाकून पाहिलं तर भाडेकरीण पिशवी आणि बाळ घेऊन दारातून निघालेली.

"कुठं गं?"

"माहेरी, चोपड्याला. पाऊस पडेपर्यंत. बाळाला सोसवत नाही, काकू." मग माझे चुन्याने भरलेले हात तिला दिसले. ती हसली, मनापासून. "मिळाला वाटतं चुना?"

पोतं तिच्या पायाशी होतं. खरं सांगायची ती वेळ होती.

"हो," मी म्हटलं, "आजच मिळाला."