नाकवाल्याने निवडलेला बोर्ड

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार नाकवाला म्हणायचा आणि त्याला ते आवडायचं. बाकीचे कारागीर कॅबिनेट उघडलं की मीटर लावत, हा आधी नाक लावायचा. कुठला भाग जळलाय, घरात सिगारेट कोण ओढतं, मांजर कुठे झोपतं, उंदराने कुठे संसार थाटलाय, हे सगळं त्याला हुंगून कळायचं. कळलं की तो ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगून मोकळा व्हायचा. माणसांबद्दल त्याचं मत त्यामुळे फारसं बरं नव्हतं. वरून इस्त्रीचे कपडे, दारात पायपुसणं, आणि मशीन उघडावं तर आत केसांचे पुंजके, तपकिरी चिकट थर, झुरळांची अंडी. शी! माणूस ही मुळातच घाणेरडी जात आहे, असं त्याचं ठाम मत झालं होतं. जेवायला बसला तरी तो आधी ताट हुंगायचा. बायको म्हणायची, नाकाने कांदे सोलणं पुरे करा आणि जेवा. तो नाक मुरडून जेवायचा.

मग गेल्या थंडीत त्याला ताप आला, आणि जाताना तो ताप वासही घेऊन गेला.

थिनरची बाटली उघडून नाकाशी धरली आणि काहीच आलं नाही, तेव्हा तो दुकानात तसाच बसून राहिला. कोणाला सांगितलं मात्र नाही, बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाक गेलं म्हणजे तो बाजारातल्या दहा जणांसारखा एक झाला असता, आणि त्या दहा जणांना तर तो आजवर तुच्छ मानत आला होता. कोणाला कळलंही नाही, कारण किळस त्याच्या चेहऱ्याच्या अंगवळणी पडली होती. मशीन उघडायचं, डोळे मिटून हुंगायचं, तोंड वाकडं करून म्हणायचं, उंदीर आहे. बहुतेक वेळा उंदीर असायचाच. जेवण मात्र ओला कागद चावल्यासारखं लागायचं. जग एकाएकी स्वच्छ झालं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घाण होती तिथेच होती, फक्त आता त्याच्यापासून लपून बसली होती, आणि या विचाराने त्याला जास्तच शिसारी यायची.

अशातच मुलीचं काम आलं. लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर एका खोलीत राहायला गेली होती. एका फर्निचरच्या कारखान्यासाठी ती कपाटांचे, टेबलांचे आराखडे घरूनच काढायची. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये एक फळी मावत होती, तीच तिची कचेरी. त्या फळीवर, उशीपासून हातभर अंतरावर बसेल असं बुटाच्या खोक्याएवढं कॉम्प्युटरचं कॅबिनेट तिने स्वतः घेतलं होतं. आतला मदरबोर्ड मात्र बाबांनीच निवडायचा, असं तिचं म्हणणं होतं.

इतक्या लहान कॅबिनेटमध्ये सगळ्यात छोटाच बोर्ड बसतो, वीतभर चौकोन. नाकवाल्याला असल्या बोर्डांचा मनस्वी तिटकारा. प्रोसेसर, रॅम, तारा सगळं दाटीवाटीने कोंबलेलं, वाऱ्याला जागा नाही, एका अंथरुणात सहा जण झोपल्यासारखं. पण लेकीचा हट्ट, तो तिला घेऊन बाजारात गेला.

दुकानदार गुळगुळीत बोलणारा. जुने बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायचे, धुवायचे, नव्या खोक्यात घालून वर सील चिकटवायचं, हा धंदा त्या गल्लीत कोण करत नव्हतं? पण नाकवाला आला की हा दुकानदार आधीच घाम पुसायचा. त्याने तीन खोकी काढली. पहिल्या बोर्डवर प्रोसेसरची जागा रॅमला इतकी चिकटून होती की पंखा बसलाच नसता. तेवढं सांगून भागलं असतं, पण नाकवाल्याने तो हुंगला आणि तोंड फिरवून म्हणाला, जळका आहे. दुसऱ्यावर वायफाय नव्हतं. तो म्हणे कोंदट. दुकानदार गोंधळला. ते दोन्ही खरोखरच नवे होते.

तिसरा बोर्ड मात्र त्याला बघताक्षणी आवडला. प्रोसेसर मधोमध, ग्राफिक कार्डाची जागा कडेला, मागच्या बाजूला वायफाय, आणि जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे जाड धातूचं झाकण. ते झाकण दोन स्क्रूंनी निघतं. पण उघडून बघणं हे नाक नसलेल्यांचं काम, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. त्याने डोळे मिटून बोर्डावरून सावकाश नाक फिरवलं.

"हा स्वच्छ आहे," तो म्हणाला.

एरवी सुतळीच्या तोड्यासाठीही वाद घालणाऱ्या दुकानदाराने एक अक्षर न बोलता तो बोर्ड भराभर बांधून दिला. नाकवाल्याला वाटलं, याला म्हणतात वचक.

मशीन जोडून झालं, फळीवर बसलं, मुलीचं काम सुरू झालं. काही दिवसांनी तिचा फोन आला. खोलीत घाणेरडा वास येतोय, सगळं धुतलं तरी जात नाही, तुम्हीच येऊन शोधा, तुम्हाला लगेच सापडेल.

तो गेला. गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकलेली, पडदे ओले, पलंग सरकवलेला, मोरीत फिनेल ओतलेलं. मुलीच्या हातांची सालं निघाली होती. जावई भिंतीला टेकून उभा होता, आणि दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. भांडण नुकतंच होऊन गेलं असावं. नाकवाला मोरीपाशी वाकला, पलंगाखाली वाकला, भिंती हुंगल्या. त्याला स्वतःच्या श्वासाखेरीज काही कळत नव्हतं. दोघंही त्याच्याकडे आशेने बघत होती. कशावर तरी बोट ठेवणं भाग होतं. दारात जावयाचे बूट होते.

"हे," तो नाक मुरडून म्हणाला.

मी ते दोनदा धुतलेत, असं जावई हळूच म्हणाला. तो बूट उचलून अनवाणीच जिना उतरून गेला.

मुलगी पलंगावर बसली. "पण बाबा, तो कामावर गेल्यावरच वास जास्त येतो. मी मशीन लावून बसले की."

नाकवाल्याने कॅबिनेट ओढलं, बोर्ड काढला, धातूच्या झाकणाचे दोन स्क्रू सोडवले. झाकणाखाली लेंड्या होत्या, कुरतडलेल्या कागदाचा आणि केसांचा लगदा होता, आणि मुताने बोर्डाच्या तांब्यावर चढलेली हिरवट खपली. धुणाऱ्याने वरून धुतलं होतं, आतलं तसंच ठेवलं होतं. ते रोज तापत होतं आणि तिच्या उशाशी शिजत होतं. मुलगी तोंड दाबून खिडकीकडे धावली आणि तिला उमासे येऊ लागले. त्याने ते झाकण आपल्या नाकाला अगदी टेकवलं. काहीच नाही. साऱ्या दुनियेला घाणेरडं म्हणत आला आणि ही घाण त्याने आपल्या हाताने लेकीच्या घरात आणून बसवली होती. त्याला स्वतःचीच किळस आली.

"मला वास येत नाही गं," तो म्हणाला. "त्या तापापासून."

मुलगी तोंड पुसत वळली. ती आता चिडेल, दुकानदाराला शिव्या देईल, आपल्याला खोटारडा म्हणेल, असं त्याला वाटलं.

"मला दुकानातच आला होता," ती म्हणाली. "पण तुम्ही स्वच्छ म्हणालात. मग मला वाटलं, माझ्याच अंगाला येतोय."

खाली नळ सुरू झाल्याचा आवाज आला. जावई पुन्हा बूट धूत होता.